रात्रीचे ओलित आणि न्यूझीलंडची शनिवार सकाळ

न्यूझीलंडच्या सार्वजनिक नभोवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीवर दर शनिवारी सकाळी आठपासून दुपारी बारापर्यंत ‘सॅटर्डे मॉर्निंग’ नावाचा मुलाखतींचा कार्यक्रम असतो. त्याचे परीक्षण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहिले जावे, याचे कारण घड्याळात आहे. सप्टेंबरच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत तिथली घड्याळे एक तास पुढे केलेली असतात, आणि त्या काळात तिथले सकाळचे आठ म्हणजे आपले रात्रीचे साडेबारा. हरभऱ्याच्या हंगामात ज्या आठवड्यात कृषिपंपाला रात्रीची वीज असते, त्या आठवड्यातल्या शुक्रवारी मध्यरात्री मी वावरात असतो. स्प्रिंकलरचे पाइप एका जागी लावले की पुढची पाळी बदलेपर्यंत दोन-तीन तास मोकळे मिळतात. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शेकोटी असते, आणि रोही (नीलगाई) व रानडुकरे शिरू नयेत म्हणून जागल करणे भागच असते. शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यावर शेती अंगावर घेतली, तेव्हापासूनचे माझे बहुतेक हिवाळे या चार तासांच्या सोबतीने गेले आहेत.

या कार्यक्रमाला खरा घाट दिला तो किम हिल यांनी. २००२ पासून नोव्हेंबर २०२३ पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षांहून अधिक काळ, त्या या कार्यक्रमाच्या सूत्रधार होत्या आणि २०१२ मध्ये त्यांना वर्षातील आंतरराष्ट्रीय रेडिओ व्यक्तिमत्त्व म्हणून गौरवण्यात आले. जाडसर, किंचित खरखरीत आवाज, मध्येच फुटणारे हसू आणि आखूड प्रश्न, एवढीच त्यांची साधनसामग्री. पाहुण्याचे पुस्तक त्यांनी वाचलेले असते, हे श्रोत्याला सांगावे लागत नाही. तिसऱ्या प्रश्नापर्यंत ते आपोआप कळते. पाहुण्याचे गुणगान करण्यात पहिली पाच मिनिटे जात नाहीत आणि शेवटी आभारांचा सोहळाही होत नाही. उत्तर पटले नाही तर तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत परत येतो, मग समोर मंत्री असो, कवी असो की नोबेल मिळवलेला शास्त्रज्ञ. क्वचित असेही वाटते की पाहुण्याला श्वास घ्यायला आणखी थोडी उसंत मिळायला हवी होती. तरीही आरत्या ओवाळण्यापेक्षा ही घाई मला परवडते.

असे का वाटते, ते सांगण्यासाठी एक आठवण लिहितो. २०१७ मध्ये विदर्भातल्या पराटीवर, म्हणजे कपाशीवर, गुलाबी बोंडअळीने धाड घातली, त्यानंतर एका वाहिनीने मला शेतकरी म्हणून मुलाखतीला बोलावले होते. तिचे नाव इथे महत्त्वाचे नाही. प्रश्न आधीच लिहून दिलेले होते आणि उत्तरेही लिहून आणण्याची सूचना होती. मी लिहून नेलेल्या उत्तरांपैकी बीटी (बोंडअळीपासून वाचण्यासाठी जनुक बदललेल्या) बियाण्याविषयीची दोन वाक्ये ‘ही नको’ म्हणून खोडली गेली, आणि उरलेला कागद मी शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसारखा वाचून दाखवला. पुढे धुऱ्यावर बसून हा परदेशी कार्यक्रम ऐकू लागलो, तेव्हा माझ्या लक्षात आले की किम हिल यांच्यासमोर ती दोन वाक्ये खोडली तर गेली नसतीच, उलट त्यांवरच पुढचा प्रश्न आला असता: मग दुसऱ्या वर्षी तुम्ही तेच बियाणे का पेरले? याचे उत्तर माझ्याजवळ आहे, पण ते सांगताना बियाणे कंपनीबरोबर मलाही थोडे उघडे पडावे लागले असते. पाहुण्याला स्वतःलाच अवघड जाईल असा प्रश्न विचारला जातो आणि तो अपमान न वाटता विचारला जातो, ही या कार्यक्रमाची मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे विषयांची सरमिसळ. १९४८ मध्ये सुरू झालेल्या नागपूर आकाशवाणी केंद्रावर आमच्या घरातल्या दोन पिढ्या वाढल्या, आणि त्या ऋणाबद्दल मला काही शंका नाही. पण आपल्याकडच्या रेडिओवर शेती शेतीच्या वेळेला, साहित्य साहित्याच्या वेळेला आणि विज्ञान कुठेतरी पंधरा मिनिटांत, अशी वाटणी आपल्या कानांना सवयीची झालेली आहे. या कार्यक्रमात एकाच सकाळी युद्धावर बोलणारा वार्ताहर, त्यामागे एखादा कादंबरीकार, मग खगोलशास्त्रज्ञ, मग स्वयंपाक किंवा बागकाम असा क्रम लागतो आणि सगळ्यांना प्रश्न विचारणारी व्यक्ती एकच असते. त्यामुळे शास्त्रज्ञालाही सामान्य माणसाच्या भाषेत बोलावे लागते. सर पॉल कॅलहॅन हे न्यूझीलंडचे भौतिकशास्त्रज्ञ चुंबकीय अनुनादाच्या (एमआरआय तपासणीमागच्या तत्त्वाच्या) क्षेत्रातले जाणकार होते, आणि ते तंत्र घेऊन त्यांनी थेट अंटार्क्टिकातल्या समुद्री बर्फाचा अभ्यास केला. २०१२ मध्ये ते वारले. त्यांचे आणि किम हिल यांचे विज्ञानावरचे रेडिओ-संवाद इतके लोकप्रिय झाले की २००७ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. विज्ञानाचा मी नववी-दहावीचा शिक्षक. एवढ्या मोठ्या माणसाला ‘थांबा, हे मला समजले नाही’ असे विचारता येते, हे मला वर्गात असतानाच कळले असते तर बरे झाले असते.

पाहुण्याने आपल्या आवडीची गाणी निवडायची आणि त्या निमित्ताने आयुष्य उलगडायचे, असाही एक भाग किम हिल यांच्या काळात असे. तो गोड आहे, पण त्यातली गाणी मला बहुधा अनोळखी, म्हणून पाइप बदलण्याचे काम मी त्या भागासाठी राखून ठेवत असे.

भाषेबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण नवा श्रोता तिथेच अडखळतो. न्यूझीलंडच्या इंग्रजीत ‘पेन’ जवळजवळ ‘पिन’ ऐकू येते आणि ‘फिश’चा ‘फश’ होतो. पहिले दोन-तीन शनिवार माझे निम्मे ऐकणे वाया गेले. नंतर कान बसला. याहून लक्षवेधी आहे ती माओरी भाषा. १९८७ मध्ये तिला तिथे राजभाषेचा दर्जा मिळाला, आणि आज ‘किआ ओरा’ या नमस्काराने सुरू झालेल्या बोलण्यात ‘फानाउ’ म्हणजे गणगोत यासारखे शब्द अर्थ न सांगता येऊन जातात. आपल्याकडे ध्वनिक्षेपक समोर आला की वऱ्हाडी माणूस पहिले काम करतो ते वऱ्हाडी लपवण्याचे. मीही त्या मुलाखतीत ‘वावर’ न म्हणता ‘शेतजमीन’ म्हटले होते. गोंडी आणि कोरकू या आदिवासी भाषांची गोष्ट तर दूरच राहिली.

उणे काय, तेही सांगतो. हा देश लोकसंख्येने विदर्भाच्या पावपट भरेल एवढा आहे, त्यामुळे तिथल्या नगरपालिका, दूधधंदा आणि स्थानिक निवडणुका यांवरच्या मुलाखतींत आपल्याला गोडी लागेलच असे नाही. दूधधंद्यात मला लागली, ती माझ्या घरी दोन म्हशी आहेत म्हणून. सूत्रधार बदलल्यावर, म्हणजे २०२४ पासून, कार्यक्रमाचा सूर मवाळ झाला आहे असे माझे मत आहे. किम हिल यांच्यानंतर २०२४ मध्ये आलेल्या सूझी फर्ग्युसन यांचा आवाज प्रसन्न आणि तयारी चोख होती, पण पाहुणा अडचणीत येईपर्यंत थांबण्याची ती जुनी चिकाटी मला कमी जाणवली. शेजारच्या वावरातल्या तरुणाला इंग्रजी समजत नाही, तरी तो शेकोटीशी येऊन बसतो आणि मी त्याला मधूनमधून वऱ्हाडीत सांगतो. किम हिल यांच्या काळात पाइप बदलून परत आला की तो हमखास विचारी, “गुरुजी, त्या बाईनं मंत्र्याले शेवटी सोडलं का मंग?” अलीकडे तो हे विचारत नाही.

ऐकण्यासाठी एक पैसा लागत नाही आणि मध्ये जाहिरात नाही. लघुलहरींवर पॅसिफिक बेटांसाठी या नभोवाणीचे वेगळे प्रसारण असते. आमच्या जुन्या ट्रान्झिस्टरवर ते पकडण्याचा मी खटाटोप केला, पण खरखरीशिवाय काही लागले नाही, त्यामुळे मोबाइलला पर्याय नाही. ज्यांना रात्र जागवायची नाही त्यांच्यासाठी प्रत्येक मुलाखत नभोवाणीच्या संकेतस्थळावर सुटी ठेवलेली असते. गावात जिथे नेटवर्क धरते तिथे उभे राहून ती संध्याकाळीच उतरवून घ्यावी, कारण वावरात ऐन रंगात आवाज तुटतो. सुरुवात किम हिल यांच्या एखाद्या शास्त्रज्ञाच्या मुलाखतीपासून करावी, राजकारण्यांकडे नंतर वळावे. आणि जागलीला ऐकणार असाल तर इअरफोन एकाच कानात घाला. गेल्या पौषात मी दोन्ही कानांत घालून बसलो होतो आणि रोह्यांनी दोन तास हरभरा खाल्ला.