सिंक-मापक, नऊ महिन्यांनंतर: आकडा खरा, रबरी वाटी खोटी

गेल्या डिसेंबरात आमच्या दशावताराच्या मालिकेचा एक भाग मुंबईच्या वाहिनीकडून परत आला नसता, तर आवाज आणि चित्र यांचा मेळ मोजणारे हे यंत्र मी विकत घेतलेच नसते. शेरा एका ओळीचा होता: आवाज चित्राच्या दोन फ्रेम मागे. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम असल्यामुळे दोन फ्रेम म्हणजे ८० मिलिसेकंद होतात, आणि प्रत्येक भाग कुडाळच्या माझ्या खोलीत झांजेच्या ठोक्यावर डोळे रोखून तपासल्याशिवाय मी पाठवत नसल्यामुळे चूक तपासणाऱ्याचीच आहे याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. पंधरा दिवसांनी दुसरा भागही त्याच शेऱ्यासह आला. तेव्हा संक्रांतीच्या आठवड्यात १७,५०० रुपये मोजले, तेही वाहिनीला पुरावा दाखवता यावा म्हणून.

यंत्राची ओळख वाचकांना असेलच. चाचणीच्या फाइलमध्ये एकाच क्षणी पडद्यावर पांढरा झोत आणि स्पीकरमधून टिंग असा आवाज येतो, आणि तळहाताएवढी ही डबी प्रकाश व आवाज यांतले अंतर मिलिसेकंदांत सांगते. माझ्या खोलीतला पहिला आकडा आला ‘आवाज ८४ मिलिसेकंद पुढे’. यंत्र सदोष आहे असे मी विक्रेत्याला त्याच रात्री कळवले, आणि आठवडाभर आमची लेखी हमरीतुमरी चालली. अखेर त्यांच्या सांगण्यावरून तीच फाइल लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर व स्पीकरवर लावली, तर आकडा आला ‘आवाज १२ मागे’. यंत्राने दोन ठिकाणी दोन उत्तरे दिली होती आणि दोन्ही बरोबर होती. वाद तिथेच संपला, पण विक्रेत्याला तसे कळवण्याचा मोठेपणा माझ्याकडून झाला नाही.

घडत होते ते असे. माझ्या खोलीत संकलनासाठी लावलेला पडदा हा घरगुती टीव्ही आहे. हालचाल गुळगुळीत दाखवण्याच्या सोयीसाठी तो प्रत्येक चित्र थोडा वेळ स्वतःकडे धरून ठेवतो. आवाज मात्र संगणकातून थेट स्पीकरला जातो. त्यामुळे खोलीत आवाज लवकर आल्यासारखा वाटे, आणि मी तो मोठ्या काळजीने दोन फ्रेम मागे सरकवत असे. निर्दोष फाइल मी रोज स्वहस्ते बिघडवत होतो. खात्रीसाठी परत आलेला भाग फ्रेमगणिक पुढे नेऊन पाहिला. मूळ चित्रणात झांजेच्या वाट्या एकमेकींना भिडतात त्याच फ्रेमवर संगणकावर दिसणारी आवाजाची रेघ उभी राहते. माझ्या अंतिम प्रतीत वाट्या भिडून चांगल्या वीतभर दूर गेल्या, तरी रेघ सपाटच होती. आधीच्या हंगामात घरच्या टीव्हीवर प्रसारण पाहून आमच्या वयस्क झांजवाल्यांनी फोनवर विचारले होते, ‘‘काय रे, माझो हात चुकता काय?’’ मी त्यांना वाहिनीचे नाव सांगितले होते.

दोन फ्रेमनी एवढे काय बिघडते, असा प्रश्न मलाही पडला होता. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनच्या आर ३७ या शिफारशीत आवाज ४० मिलिसेकंदांहून अधिक पुढे किंवा ६० हून अधिक मागे नसावा असे आहे, आणि माझे ८० त्याबाहेर होते. मागे राहण्याला जास्त सवलत मिळते, कारण आवाज उशिरा येणे हा माणसाचा रोजचा अनुभव आहे. खाडीपलीकडे धुणे आपटणाऱ्या बाईचा हात पुन्हा वर गेलेला असतो तेव्हा कुठे आपल्याला धप्प ऐकू येते. आवाज १४ मीटर चालायला जवळपास एक फ्रेम घेतो. जत्रेत कॅमेरा मागच्या झाडाखाली असला की कॅमेऱ्यावरच्या माइकचा आवाज म्हणूनच आपोआप एक फ्रेम मागे पडतो, रंगमंचाजवळच्या माइकांवरून मिक्सरमधून घेतलेला पडत नाही.

टीव्हीवर गेम मोड, म्हणजे चित्र कमीत कमी वेळ धरून ठेवणारी सोय, लावल्यावर ८४ चे ३१ झाले, आणि उरलेले आवाजाच्या वाटेत तेवढाच विलंब घालून भरून काढले. त्यानंतर एकही भाग परत आलेला नाही.

आता मुख्य तक्रारीकडे वळतो. डबी पडद्याला चिकटवण्यासाठी जी रबरी वाटी दिली आहे, ती कोकणात चिकटत नाही. जानेवारीत ती दहा मिनिटे टिकत असे, आणि जूनपासून खाऱ्या दमट हवेत एक मोजमाप पूर्ण होईपर्यंतसुद्धा नाही. ही क्षुल्लक बाब नव्हे. टीव्ही चित्र वरून खाली रंगवत येतो, त्यामुळे डबी वरच्या कडेला धरली तर माझ्याकडे ७६ येतात आणि खालच्या कडेला ९१. डबी घसरली की आकडाही तिच्याबरोबर घसरतो, आणि वाटी सैल झाली की ट्यूबलाइटचा प्रकाश आत शिरून आकडे वेड्यासारखे नाचतात. नवी वाटी मागितली तर ‘सुटी मिळत नाही, पूर्ण जोडणी कुरिअरसह १,१५० रुपये’ असे उत्तर आले. दहा रुपयांच्या रबरासाठी एवढे पैसे मी देणार नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून ती टीव्हीभोवती ताणून बसवली आहे आणि डबीभोवती काळे कापड गुंडाळले आहे. दिसायला ओंगळ आहे, पण सप्टेंबरभर हलली नाही.

घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हे यंत्र खोली तपासते, फाइल नाही. वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला तीन तासांचा प्रयोग सुरुवातीला जुळलेला असला, तरी सुरुवातीच्या संकासुराच्या प्रवेशापासून शेवटच्या लढाईपर्यंत आमचा आवाज पाच फ्रेम सरकला होता, कारण कॅमेरा व रेकॉर्डर यांची अंतर्गत घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. हे कोणतीही डबी सांगत नाही. त्यासाठी मी आता प्रयोगाच्या सुरुवातीला आणि शेवटी, राजाचे सिंहासन असलेले बाकडे उचलण्याआधी, कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून घेतो. हा उपाय फुकट आहे. पाचपैकी साडेतीन तारे देतो. वाटी धड असती तर साडेचार दिले असते.