पांडा यूएसबी व्हॅक्सिन : पेनड्राइव्हची लस आज किती पुरते?

अँटिव्हायरस बनवणाऱ्या पांडा सिक्युरिटी कंपनीचा ‘यूएसबी व्हॅक्सिन’ हा छोटा मोफत प्रोग्रॅम ज्या काळात आला, त्या काळात त्याची नितांत गरज होती. २००८ च्या अखेरीस पसरू लागलेला कॉन्फिकर हा व्हायरस पेनड्राइव्हवर ‘ऑटोरन.इन्फ’ नावाची (पेनड्राइव्ह जोडताच काय सुरू करायचे हे विंडोजला सांगणारी) फाइल ठेवून पुढच्या संगणकात शिरत असे आणि या प्रोग्रॅमने नेमकी त्याच फाइलची जागा अडवली. एफएटी (फाइली साठवण्याची एक जुनी, सोपी रचना) पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर तो त्याच नावाची अशी फाइल तयार करतो, की ती नंतर बदलता किंवा पुसता येत नाही. ती काढायची तर पेनड्राइव्ह पुन्हा फॉरमॅट करावा लागतो. हा हटवादीपणा मला या प्रोग्रॅमचा सर्वांत मोठा गुण वाटतो. संगणकावरील ऑटोरन, म्हणजे असे आपोआप सुरू होणे, बंद करण्याची सोयही त्यात आहे आणि ती हवी तेव्हा मागे घेता येते.

मात्र विंडोज ७ पासून पेनड्राइव्हसाठी ऑटोरन मुळातच बंद झाले आणि २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने तोच बदल एक्सपी व व्हिस्टालाही दिला. आज अधिक त्रास होतो तो शॉर्टकट व्हायरसचा. तो मूळ फोल्डर लपवतो, त्याच नावाचा शॉर्टकट समोर ठेवतो आणि आपण फोल्डर समजून त्यावर क्लिक केले की स्वतः सुरू होतो. पेनड्राइव्हवर बाकी काहीही लिहिण्याची मुभा तशीच राहत असल्यामुळे यूएसबी व्हॅक्सिन त्याला अडवू शकत नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या व्हायरसला तर क्लिकचीही गरज नव्हती. शॉर्टकटचे चिन्ह पडद्यावर दिसणे पुरेसे होते.

म्हणून जुनी, अपडेट न होणारी यंत्रे वापरावी लागणाऱ्यांनीच हा प्रोग्रॅम जरूर वापरावा. ज्यांना अनोळखी संगणकांना पेनड्राइव्ह जोडून केवळ फाइली द्यायच्या असतात, त्यांनी थोडे अधिक पैसे मोजून लेखनबंदीचे बटण असलेला पेनड्राइव्ह घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात लिहिण्यास नकार पेनड्राइव्हमधील कंट्रोलरच (त्याचे काम चालवणारी चिप) देतो, त्यामुळे संगणकावरील व्हायरसला तो डावलणे फार कठीण जाते. एसडी कार्डावरची तशीच दिसणारी पट्टी मात्र कार्ड रीडरला केवळ सूचना देते. ती पाळणे न पाळणे रीडरवर अवलंबून असते. बटण लावण्यापूर्वी पेनड्राइव्ह अद्ययावत अँटिव्हायरसने तपासून घ्यावा, कारण लेखनबंदी असताना आधीच शिरलेला व्हायरस अँटिव्हायरसलाही पुसता येत नाही.