सिंकथिंग: फायली सिंक करायला उत्तम, पण बॅकअप म्हणून नको

फोनमधले फोटो लॅपटॉपवर आणि लॅपटॉपवरच्या नोट्स फोनवर हव्या असतील, आणि मध्ये कुठल्याही कंपनीचा सर्व्हर नको असेल, तर सिंकथिंगला तोड नाही. २०१३ पासून विकसित होत असलेलं हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर लिनक्स, विंडोज, मॅकओएस आणि अँड्रॉइडवर चालतं. खातं उघडावं लागत नाही, दरमहा पैसे भरावे लागत नाहीत. तुमच्या डिस्कवर जेवढी जागा, तेवढी तुमची मर्यादा.

जोडणी अगदी सोपी आहे. ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा (म्हणजे त्याच यंत्राचा) ८३८४ पोर्ट उघडायचा, तिथे सिंकथिंगचं सेटिंगचं पान दिसतं, एका यंत्राचा ५६ अक्षरी डिव्हाइस आयडी दुसऱ्यात टाकायचा (फोनवर क्यूआर कोड स्कॅन केला की झालं) आणि दोन्हीकडून मान्यता द्यायची. दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर असतील तर डेटा बाहेर जातच नाही. वेगवेगळ्या नेटवर्कवर असतील आणि थेट जोडणी जमली नाही, तर तो रिले सर्व्हरमार्फत (डेटा पुढे पोचवणाऱ्या मधल्या सर्व्हरमार्फत) जातो. एन्क्रिप्शनमुळे रिलेवाल्याला त्यातलं काही वाचता येत नाही, पण वेग फार पडतो. सिंक रखडलंय असं वाटलं तर आधी जोडणीचा प्रकार पाहा. तिथे रिले दिसत असेल तर राउटरवर २२००० हा पोर्ट टीसीपी आणि यूडीपी (डेटा पाठवण्याच्या दोन पद्धती) दोन्हींसाठी उघडा. आणखी एक अट म्हणजे दोन्ही यंत्रं एकाच वेळी चालू असावी लागतात. लॅपटॉप बहुतेक वेळ बंदच असेल, तर सतत चालू राहणारं तिसरं छोटं यंत्र मध्ये ठेवणं चांगलं.

खरा धोका मात्र डिलीटमध्ये आहे. फोनमध्ये जागा करायला फोटो उडवले की ते लॅपटॉपवरूनही उडतात, कारण सिंकचा अर्थच तो. यावर उपाय म्हणून फाइल व्हर्जनिंग (फायलींच्या जुन्या प्रती जपून ठेवणं) दिलेलं आहे, पण ते आपणहून चालू होत नाही. प्रत्येक यंत्रावर, प्रत्येक फोल्डरसाठी ते वेगळं लावावं लागतं. शिवाय व्हर्जनिंग फक्त दुसरीकडून आलेल्या बदलांना लागू होतं. लॅपटॉपवर व्हर्जनिंग चालू आहे आणि फाइल लॅपटॉपवरच उडवली, तर लॅपटॉपवर तिची प्रत उरत नाही. ती उरेल समोरच्या यंत्रावर, आणि तीही तिथे व्हर्जनिंग चालू असेल तरच. म्हणून ते दोन्हीकडे लावाच. ‘स्टॅगर्ड’ हा पर्याय सगळ्यात कामाचा: पहिल्या दिवसात तासाला एक, पुढे महिनाभर दिवसाला एक, त्यानंतर आठवड्याला एक, अशा जुन्या प्रती तो ठेवतो. डिस्क फार भरत नाही आणि चूक उशिरा लक्षात आली तरी फाइल सापडते.

फोटोंसाठी फोनकडचं फोल्डर ‘सेंड ओन्ली’ (फक्त पाठवणारं) आणि लॅपटॉपकडचं ‘रिसीव्ह ओन्ली’ (फक्त घेणारं) ठेवावं. तरीही फोनवरचं डिलीट लॅपटॉपवर पोचतंच, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. त्यामुळे जपायचे फोटो सिंक फोल्डरच्या बाहेर कॉपी करून घ्यावेत आणि मगच फोन रिकामा करावा.

एकच फाइल दोन्हीकडे बदलली गेली तर सिंकथिंग मजकूर एकत्र करत बसत नाही. एक प्रत मूळ नावाने राहते, दुसरीच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ आणि तारीख-वेळ येते. हे मला प्रामाणिक वाटतं, कारण गुपचूप काही गमावलं जात नाही. त्या प्रती अधूनमधून शोधून निकालात काढायला मात्र हव्यात. चालू असलेला डेटाबेस किंवा ब्राउझरचं प्रोफाइल कधीच सिंकला लावू नका. लिहिणं अर्धवट असताना प्रत उचलली गेली तर ती बिघडलेलीच असते.

अँड्रॉइडची बाजू थोडी लंगडी आहे. अधिकृत ॲप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, त्यामुळे आता सिंकथिंग-फोर्क (त्याच ॲपची इतरांनी पुढे चालवलेली आवृत्ती) वापरावं लागतं. बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून ते वगळलं नाही तर स्क्रीन बंद झाल्यावर फोन त्याला मारून टाकतो आणि सिंक अधूनमधूनच होतं. आयफोनसाठी अधिकृत ॲप नाही.

लिनक्सवर हजारो फोल्डर असतील तर आयनोटिफायची (फायलींमधले बदल लगेच कळवणाऱ्या लिनक्सच्या सोयीची) मर्यादा अपुरी पडल्याची सूचना येते. मॅक्स-यूजर-वॉचेस या लिनक्सच्या सेटिंगचा आकडा वाढवला की ती जाते. तोवरही काम थांबत नाही, फक्त बदल लगेच न कळता तासाभराने होणाऱ्या स्कॅनमध्ये कळतात. लिनक्स आणि विंडोज एकत्र जोडताना फायलींची नावं सांभाळा. विसर्गासारखा दिसणारा कोलन किंवा प्रश्नचिन्ह नावात असेल तर विंडोज ती फाइल घेत नाही आणि फोल्डर ‘आउट ऑफ सिंक’ दाखवत राहतं. लिनक्सवर नाव बदललं की अडकलेली फाइल पुढे सरकते.