वॅक्स-पॉलिशचे हाताचे ॲप्लिकेटर : मऊपणा नंतर बघा, आधी पकड बघा

गाडी हाताने पॉलिश करणाऱ्यांसाठीच हे आहे, मशीनवाल्यांनी पुढे सरकलं तरी चालेल. वॅक्स कुठलं घ्यावं यावर आपण लोक तासन्‌तास एकमेकांचं डोकं खातो आणि ते लावतो कशाने, तर डब्यात जो पिवळा स्पंजचा तुकडा येतो त्याने. तो वाईट असतो असं नाही, पण अख्खी गाडी त्याने करून बघा, अर्ध्यात यायच्या आत अंगठ्याच्या मुळाशी कळ सुरू होते. बऱ्याच प्रकारचे ॲप्लिकेटर, म्हणजे वॅक्स-पॉलिश लावायचे स्पंज नि चकत्या, वापरून झालेत म्हणून जे पटलं आणि जे नाही पटलं ते सांगतो.

आधी एक गोष्ट, वॅक्स आणि पॉलिश ही दोन वेगळी कामं आहेत, एकच ॲप्लिकेटर दोन्हीला बरा पडेल ही अपेक्षा सोडा. पॉलिशमध्ये बारीक घासणारे कण असतात, ते क्लिअर कोटचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक लेपाचा, अगदी जरासा थर काढतात, म्हणून तिथे दाब लागतो आणि तोही सगळीकडे सारखा. वॅक्स नुसतं पसरवायचं, दाब जवळजवळ नाहीच, थर जेवढा पातळ तेवढं पुसायला सोपं. त्यामुळे हाताला आराम कशात आहे हेही दोन्हीकडे वेगळं निघतं.

वॅक्ससाठी साधी गोल फोमची चकती, चार-पाच इंचाची, मला अजूनही सगळ्यात बरी वाटते. फक्त जाडी बघून घ्या. पाऊण इंचाच्या पातळ चकत्या मिळतात त्या दाबल्या की चार बोटांची टोकं आरपार लागतात, मग वॅक्स बोटांखाली कमी आणि मधे जास्त असं पट्ट्यापट्ट्यांनी बसतं आणि पुसताना जीव जातो. सव्वा-दीड इंच जाड असेल तर बोटं आत रुततात, धरायला पण काहीतरी मिळतं. पेस्ट वॅक्सचा डबा असेल तर चकती डब्यात आडवी बसते का तेही बघा, नाहीतर कडेने खरवडत बसावं लागतं आणि वॅक्सचे गोळे येतात. फोम बारीक छिद्रांचा असला की माल कमी पितो, मोठ्या छिद्रांचा असला की अर्धं लिक्विड वॅक्स त्याच्या पोटात जातं.

मायक्रोफायबरचं कव्हर असलेले स्पंज, म्हणजे आत फोम आणि बाहेर लूपवालं कापड, हे लिक्विड वॅक्स नि सीलंटला (वॅक्ससारखाच पण कृत्रिम संरक्षक लेप) मस्त आहेत, हलक्या पॉलिशलाही चालतात, नुसत्या फोमपेक्षा थोडे जास्त घासतात. मेग्वायर्सचा इव्हन कोट याच जातीचा, नाव बरोबर ठेवलंय, खरंच सारखं पसरतं. पण या प्रकारात स्वस्तातले घेताना शिलाई बघा, कडेने जी जाड शिवण असते ती कडक नायलॉनची असली तर पेंटवर घासली जाते, आणि लेबल शिवलेलं असेल तर आधी कापून टाका. काळ्या गाडीवर असली शिवण काय करते ते उन्हात उभं राहून बघावं लागतं.

आता पट्टावाले आणि खिसावाले. मागे इलॅस्टिकचा पट्टा असतो त्यात हात घालायचा, किंवा कापडी खिशात बोटं. ऐकायला छान वाटतं. दारासारख्या उभ्या पॅनलवर आणि छतावर हात लांब करून काम करताना खरंच फायदा होतो, कारण चिमटीत धरून ठेवायची गरज उरत नाही, हात नुसता ठेवला तरी ॲप्लिकेटर खाली पडत नाही. आणि पडत नाही ही साधी गोष्ट नाहीये, जमिनीवर पडलेला ॲप्लिकेटर म्हणजे संपला, त्यात अडकलेला एखादा वाळूचा कण अख्ख्या बोनेटवर रेघा ओढतो. पण मी ऑनलाइन मागवलेल्या एकाचा पट्टा एवढा घट्ट की बोटांच्या मागच्या सांध्यांवर वळ उठले, आणि दुसऱ्याचा एवढा ढिला की हात एकीकडे नि स्पंज दुसरीकडे. एकाच मापाचा पट्टा सगळ्यांना बसतो असं लिहिलेलं असेल तर विश्वास ठेवू नका. वेल्क्रोने लहान-मोठा करता येतो तोच घ्या.

खरा पैसा घालायचा असेल तर तो पॉलिशसाठीच्या पकमध्ये घाला. हा म्हणजे तळहातात मावणारा घट्ट फोमचा किंवा रबराचा गोल ठोकळा, खाली वेल्क्रो, त्यावर मशीनला लावतात तेच छोटे पॅड चिकटवायचे. यात होतं काय, की दाब बोटांच्या टोकातून न जाता तळहातातून जातो आणि पाठ कडक असल्यामुळे पॅडभर सारखा वाटला जातो. बोटांनी दाबलं की जोर चार ठिपक्यांवर एकवटतो, तिथे जास्त घासलं जातं आणि मधे राहून जातं, त्याचेच ते फिकट पट्टे दिसतात नंतर. शिवाय मनगट सरळ राहतं, जोर खांद्यातून येतो, तासभर काम केलं तरी हात कुरकुरत नाही. पॅड बदलता येतात हा वेगळा फायदा, स्क्रॅच जास्त असतील तिथे कडक, फिनिशिंगला मऊ.

घेताना दोन गोष्टी तपासा. पॅड पकपेक्षा चारी बाजूंनी थोडं मोठं पाहिजे, म्हणजे हात तिरका झाला तरी कडक कड पेंटला लागणार नाही. आणि पकची उंची तुमच्या हाताला बसते का, फार उंच असेल तर तो डगमगतो आणि मग पुन्हा चिमटीत धरायची वेळ येते, छोट्या हाताच्या माणसाला तर नकोच. दुकानात घेत असाल तर काउंटरवर ठेवून तळहाताने दाबा आणि गोल फिरवून बघा, बोटं आपोआप आवळली जातायत का. जात असतील तर ठेवून द्या.

तरीही पकने आरशाच्या खाली, हँडलच्या खोबणीत, नंबरप्लेटच्या आजूबाजूला काही करता येत नाही. तिथे दोन-तीन इंचाची छोटी फोमची चकतीच लागते, बोटाला गुंडाळलेलं मायक्रोफायबर पण चालतं. आणि हातावर मर्यादा आहेच, खोल ओरखडे कितीही चांगल्या ॲप्लिकेटरने जाणार नाहीत, नख अडकतं तो ओरखडा असाच सोडून द्या. क्लिअर कोट सगळा मिळून साधारण 40 ते 50 मायक्रॉन असतो, त्यात जोर दाखवायला जागा नाही.

किचनमधला हिरव्या पाठीचा स्पंज आणि तो पांढरा जादूचा स्पंज, दोन्ही पेंटपासून लांब ठेवा. पांढरा वाटतो मऊ पण मेलामाइनचा असतो, बारीक पॉलिश पेपरसारखं काम करतो.

धुण्याचं म्हणाल तर कोमट पाणी आणि थोडं लिक्विड सोप, हाताने दाबून, पिळायचं नाही. पिळलं किंवा कडकडीत गरम पाण्यात टाकलं की दोन थरांच्या फोमचा गोंद सुटतो आणि चकती पापुद्र्यासारखी निघते. फॅब्रिक सॉफ्टनर मायक्रोफायबरला अजिबात नको. सावलीत वाळवा, मग झिपवाल्या पिशवीत, वॅक्सचे वेगळे नि पॉलिशचे वेगळे, पिशवीवर मार्करने लिहून ठेवा कारण धुतल्यावर सगळे सारखेच दिसतात. कड फाटायला लागली की तो ॲप्लिकेटर टायर ड्रेसिंगला, म्हणजे टायर चमकवायचं लिक्विड लावायला, काढायचा, आणि एकदा टायरला लागला की परत बोनेटच्या आसपास पण आणायचा नाही.