पंचगंगेवरच्या सेन्सरला क्यूसी चेक (आलेला आकडा विश्वासाचा आहे का ते तपासणारे नियम) लावून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही पंचगंगेवर एका कोल्हापुरी बंधाऱ्यामागे सोंड (अनेक सेन्सर असलेली, पाण्यात बुडवून ठेवायची नळी) सोडली, दर 15 मिनिटांनी पीएच, डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, मिग्रॅ/लिटर), कंडक्टिव्हिटी (पाण्याची वीजवाहकता), टर्बिडिटी (गढूळपणा, एनटीयूमध्ये), तापमान, पाण्याची पातळी येते, आणि पहिल्या दिवसापासून त्यावर रेंज (आकडा शक्य त्या मर्यादेत आहे का), स्पाइक (एकच आकडा मध्येच उडालाय का), फ्लॅटलाइन (आकडा फार वेळ हललाच नाही का) आणि रेट ऑफ चेंज (आकडा फार वेगाने बदलतोय का) हे चार चेक लावलेत.

रेंज चेक एकदम भारी. सिग्नल गेला की लॉगर (आकडे नोंदवणारं यंत्र) खऱ्या आकड्याऐवजी -9999 पाठवतो, ते सरासरीत घुसलं की अख्खा दिवस वाया, ते लगेच थांबलं. फक्त पातळीची वरची मर्यादा महापूर धरूनच ठेवा, राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी 43 फूट असली तरी 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलेलं.

फ्लॅटलाइनने मात्र डोकं खाल्लं. बरगे (बंधाऱ्यात पाणी अडवायच्या फळ्या) घातले की पाणी दोन दोन दिवस हलत नाही आणि हा ओरडतो सेन्सर अडकला म्हणून. शेवटी किती वेळ सपाट राहिलं की ओरडायचं ती मर्यादा पातळीसाठी 3 तासांवरून 48 तास केली, डीओला 3 तासच ठेवली, कारण डीओ दिवसा चढतो रात्री उतरतो, तो सपाट दिसला म्हणजे नक्की काहीतरी बिघडलंय.

मेअखेर बरगे काढले, पाणी भसकन उतरलं आणि सोंड उघडी पडली. पीएच 7.9, तापमान 34, दोन्ही पास! कंडक्टिव्हिटी शून्याला टेकली तेव्हा कळलं की आपण हवा मोजतोय. आता कंडक्टिव्हिटी 20 मायक्रोसीमेन्स/सेंमीच्या खाली गेली की सगळेच आकडे फेल.

पण खरी परीक्षा जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात झाली. टर्बिडिटी तासाभरात 15 वरून 600 एनटीयूच्या वर, डीओ 5 वरून 1.8, आणि रेट ऑफ चेंजने सगळं फेल ठरवून ग्राफमधून उडवलं. अरे हाच तर तो लोंढा, काठावरची चार महिन्यांची घाण घेऊन येणारा, ज्यासाठी आपण सेन्सर बसवला, आणि तोच गायब! कच्चा डेटा ठेवला होता म्हणून वाचलो. तेव्हापासून काहीही डिलीट करत नाही, अमेरिकेतल्या क्वार्टोडसारखे (समुद्री सेन्सरच्या डेटाची गुणवत्ता तपासायची पद्धत) फ्लॅग, म्हणजे प्रत्येक आकड्याला खुणेचा क्रमांक, लावतो: 1 पास, 3 संशयित, 4 फेल, 9 डेटा नाही. पाऊस असेल तर अशी उडी 3 मध्येच जाते आणि माणूस बघतो. टर्बिडिटी, डीओ, कंडक्टिव्हिटी एकाच वेळी हलले तर बहुतेक नदीच बदललीय, एकटाच आकडा उडाला तर आधी सेन्सर बघा.

शेवाळ धरल्यावर आकडा हळूहळू सरकतो ते मात्र यातला एकही चेक पकडत नाही. दर 15 दिवसांनी हातातलं मीटर घेऊन जावंच लागतं, पुसायच्या आधी एक रीडिंग, पुसल्यावर एक. मार्चमध्ये दोन्हीत डीओचा 1.1 चा फरक होता आणि ग्राफ बघून कुणालाच शंका आली नव्हती.