हेडटॉर्च : नऊ महिने आणि चौदा ट्रेकनंतरचा अनुभव

हा हेडटॉर्च मी मागच्या ऑगस्टच्या अखेरीस 1,450 रुपयांना घेतला. तेव्हापासूनच्या नऊ महिन्यांत चौदा ट्रेक झाले आणि त्यांपैकी सहा वेळा तो प्रत्यक्ष अंधारात तासाहून अधिक काळ डोक्यावर राहिला. काही तक्रारी तिखट आहेत आणि त्यांना आधार केवळ माझ्या एका नगाचा आहे, म्हणून कंपनीचे नाव येथे देत नाही.

घेण्याचे कारण कळसूबाई. जुलैमध्ये बारी गावातून चढलो, माथ्यावर ढगांत नको इतका वेळ घालवला आणि उतरताना लोखंडी शिड्यांपाशी पोहोचेपर्यंत अंधारून आले. ओल्या कठड्याला धरायला दोन्ही हात हवे होते आणि मोबाईलचा टॉर्च धरायला तिसरा. शेवटी मोबाईल शर्टाच्या खिशात उजेड बाहेर पडेल असा खोचून एकेक पायरी चाचपत उतरलो. शिखर 1,646 मीटरचे, राज्यातले सर्वांत उंच, पण तिथली वर्दळ पाहून आपण जत्रेला आल्यासारखे वागतो. मीही पाठपिशवीत साधी बॅटरी टाकली नव्हती.

खोक्यावर 350 ल्युमेन (ल्युमेन म्हणजे उजेडाचे माप) आणि 8 तास हे दोन आकडे शेजारीशेजारी छापलेले आहेत, त्यामुळे आठ तास तेवढाच उजेड मिळेल असा समज होतो. मी घरी खोलीत अंधार करून, घड्याळ लावून पाहिले. सर्वांत प्रखर उजेड दहा मिनिटांतच डोळ्यांना जाणवेल इतका उतरला, अडीच तासांनी तो वाट चालण्याजोगा राहिला नाही आणि पुढे कितीतरी वेळ नुसता मिणमिणत राहिला. याला फसवणूक म्हणता येणार नाही. टॉर्चसाठीच्या एफएल 1 या मानकात प्रखरता मोजतात ती टॉर्च सुरू केल्यावर 30 ते 120 सेकंदांत, आणि उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा काळ चालण्याच्या वेळात धरतात. म्हणजे त्या आठ तासांतले शेवटचे कित्येक तास तंबूत चमचा शोधण्यापुरते असतात. मधल्या उजेडावर मला साडेपाच तास मिळतात आणि मळलेल्या वाटेला तेवढा उजेड पुरतो.

टॉर्च कपाळावरच लावायचा, ही माझी समजूत हरिश्चंद्रगडाने मोडली. सप्टेंबरात पाचनईच्या वाटेने उतरताना उशीर झाला आणि धुके दाटले. कपाळावरचा उजेड धुक्यावर आपटून सरळ डोळ्यांत परत येत होता; उजेड जितका वाढवावा तितकी समोरची पांढरी भिंत जाड होत होती. वैतागून टॉर्च काढला, पट्टा मनगटाला गुंडाळला आणि हात कमरेखाली धरला, तर भिंत विरली आणि ओल्या कातळावरचे शेवाळ, पुढच्या दगडाची कड, तिच्यामागचा खड्डा असे सगळे वेगवेगळे दिसू लागले. उजेड डोळ्यांच्या रेषेतूनच पडला की सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि खडबडीत उतार सपाट भासतो. तो खालून, बाजूने पडला की सावल्या दिसतात आणि सावल्यांवरून खोली कळते. आता धुके नसले तरी घसाऱ्यावरून उतरताना मी टॉर्च हातातच घेतो.

सर्वांत मोठी तक्रार बटणाची आहे. ते वर आलेले आहे, सहज दाबले जाते आणि ते बंद ठेवण्यासाठी कसलेही कुलूप दिलेले नाही. डिसेंबरात राजगडाहून तोरण्याला निघालो होतो. पद्मावती माचीवर पोहे, चहा आणि फोटो यांत साडेदहा वाजले, म्हणजे संजीवनी माचीच्या अळू दरवाज्यातून उतरतानाच आम्ही दिवसातले चांगले तीन तास घालवून बसलो होतो. ही चाल आमच्या पायांना सात-आठ तासांची आणि त्या महिन्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो; ही बेरीज आदल्या रात्री करायला हवी होती. तोरण्याच्या बुधला माचीच्या पायथ्याशी पिशवीत हात घातला तेव्हा टॉर्च कोमट लागला. तो दिवसभर आत जळत राहिला होता आणि बॅटरी संपली होती. तिघांत एका मित्राचा एकच टॉर्च उरला. तेवढ्या उजेडावर कातळ चढायचा नाही असे ठरवून आल्या वाटेने खिंडीतल्या डांबरी रस्त्यावर उतरलो. वेल्ह्यात ज्यांच्याकडे जेवण सांगितले होते त्यांना आमची वाट सांगून ठेवली होती आणि उशीर झाला तर या रस्त्यावर येऊन थांबू, असेही सांगितले होते. मोबाईलला रेंज नव्हती, तरी नऊच्या सुमारास त्यांची जीप आम्हाला शोधत आली.

तेव्हापासून टॉर्च चष्म्याच्या कडक डबीत ठेवतो, म्हणजे बटण दाबले जात नाही. आतली बॅटरी बदलता येत नाही, म्हणून पेन्सिल सेलवर चालणारा एक लहान टॉर्चही वेगळ्या कप्प्यात असतो. थंडीत लिथियमची बॅटरी लवकर मान टाकते, त्यामुळे जानेवारीत गडावर झोपताना टॉर्च स्लीपिंग बॅगमध्येच घेतो.

लाल दिव्याची सोय मात्र उत्तम आहे. अंधाराला सरावलेले डोळे त्याने दिपत नाहीत आणि तोंडावर येणारे किडेही कमी होतात. संकटाच्या लुकलुकाटाचा वेगळा प्रकार दिलेला आहे, पण दरीत तो पाहणार कोण? त्यापेक्षा डोंगरांतला आंतरराष्ट्रीय संकेत लक्षात ठेवणे सोपे आहे : मिनिटाला सहा वेळा उजेड किंवा शिट्टी, मग एक मिनिट थांबणे, पुन्हा सहा, उत्तर मिनिटाला तीन वेळा येते. सोबत शिट्टी असावी, कारण तिला बॅटरी लागत नाही. रेंज असेल तिथे 112 आहेच.

पाण्याच्या बाबतीत आयपीएक्स 4 म्हणजे शिंतोड्यांपुरते संरक्षण. सह्याद्रीतला पाऊस शिंतोड्यांत मोडत नाही, आणि त्यातच चार्जिंगच्या तोंडावरचे रबरी झाकण तिसऱ्या महिन्यात तुटले. आता तिथे चिकटपट्टी आहे. कंपनीला दोनदा ईमेल केले, उत्तर आले नाही.

पट्टा घामाने सैल झाला आहे आणि तो सुटा विकत मिळत नाही. आईच्या शिलाईच्या डब्यातले इलॅस्टिक लावून घेतले आहे, ते मूळच्या पट्ट्यापेक्षा घट्ट बसते.