दिवसभर उभ्या राहणाऱ्या सायकलसाठी: यू-लॉक की साखळी?

यू-लॉक, म्हणजे यू आकाराचा जाड पोलादी दांडा आणि त्याची तोंडं बंद करणारा आडवा तुकडा असलेलं कुलूप, मी साडेचार वर्षं रोज वापरलं. त्यानंतरची तीन वर्षं साखळी वापरतोय. दोन्ही चांगल्या प्रतीची आहेत आणि दोन्हींपैकी एकही कधी तुटलेलं नाही, त्यामुळे कुणा एकाला नापास करायला मी बसलेलो नाही. पण "सायकल कामाच्या ठिकाणी नऊ-नऊ तास बाहेर उभी असते, काय घेऊ?" असं कुणी विचारलं की माझं उत्तर हल्ली एका बाजूला झुकतं. ते कशामुळे, ते सांगतो.

आधी बाकीचे पर्याय बाजूला करू. तारेचं केबल लॉक दिवसभरासाठी नकोच. हातात मावणाऱ्या कटरनेही ते तुटतं, आणि तुटताना आवाज होत नाही. सीट अडकवून ठेवायला दुसरं कुलूप म्हणून ठीक. घडीचं फोल्डिंग लॉक मी काही आठवडे वापरून पाहिलं. फ्रेमवर छान बसतं, यू-लॉकपेक्षा थोडं लांब पोचतं. पण पट्ट्या जिथे जोडलेल्या असतात ते सांधे मला खटकत राहिले. चांगल्या प्रतीचं असेल तर ते वाईट आहे असं म्हणणार नाही, माझा जीव मात्र त्यात रमला नाही.

दिवसभराचं पार्किंग हा प्रकारच वेगळा आहे. दहा मिनिटांसाठी सायकल लावली तर चोराला हाताशी असेल त्याच हत्याराने काम भागवावं लागतं. तीच सायकल रोज त्याच जागी, त्याच वेळेत उभी असेल, तर तो येऊन बघून जातो, कुलूप कोणतं आहे ते लक्षात ठेवतो आणि योग्य ते हत्यार घेऊन परत येतो. म्हणून इथे जाडीला खरंच महत्त्व आहे. साधारण १० मिमीची साखळी मोठ्या बोल्ट कटरला अंगाचा भार दिला की तुटू शकते. १३-१४ मिमीला काम अवघड होतं, आणि १६ मिमीच्या पोलादी कडीपुढे हाताने चालवायचा कटर जवळपास हरतो. चांगल्या यू-लॉकचा दांडा याच जाडीचा असतो, त्यामुळे कटरपुढे दोघंही उभे राहतात.

यू-लॉकचा शत्रू वेगळा आहे: मोकळी जागा. दांड्याच्या आत सायकल आणि रेलिंग सोडून पोकळी उरली, तर तिथे पहार किंवा छोटा जॅक घालून कुलूप फाकवता येतं. म्हणून यू-लॉक जितकं लहान तितकं सुरक्षित. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण माझी पुढची सगळी तक्रार तिथूनच सुरू होते. साखळीला हा धोका जवळपास नाही. तिच्यात पहार घालून जोर लावायला ताठ असं काही हातीच लागत नाही.

राहिला बॅटरीवरचा ग्राइंडर, म्हणजे फिरत्या चकतीने पोलाद कापणारं यंत्र. त्याच्यापुढे नेहमीचं पोलाद फार टिकत नाही, मग ते कोणत्याही आकाराचं असो. दोन्ही टोकांना अडकणारा दांडा असेल तर यू-लॉक दोन जागी कापावं लागतं. जाड साखळीची कडीही एका बाजूने कापून सहसा सुटत नाही, दोन्ही बाजू कापाव्या लागतात. शिवाय साखळी हलते, तिला घट्ट धरून कापणं त्रासाचं असतं. हिपलॉकचं डी१००० किंवा लाइटलॉकचं एक्स१ यांसारखी ग्राइंडरची चकतीच झिजवणारी यू-लॉक आता मिळतात. या एका बाबतीत यू-लॉक स्पष्टपणे पुढे आहे. तुमच्या भागात ग्राइंडरने चोऱ्या होत असतील, तर माझं पुढचं म्हणणं थोडं कमी धरा आणि तसं कुलूप परवडतंय का ते आधी पाहा.

प्रत ओळखायची तर कुलपं तपासणाऱ्या ब्रिटनमधल्या सोल्ड सिक्युअर या संस्थेच्या श्रेणी कामाला येतात: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड. दिवसभरासाठी मी गोल्डच्या खाली जाणार नाही. किल्लीचा प्रकारही बघा. २००४ साली क्रिप्टोनाइटसह काही कंपन्यांची गोल किल्लीची कुलपं साध्या बॉलपेनच्या नळीने उघडतात हे जगजाहीर झालं आणि क्रिप्टोनाइटला ती बदलून द्यावी लागली. दांडा कितीही जाड असला तरी दार किल्लीच्या भोकातूनच उघडतं. जुनं, गोल किल्लीचं कुलूप कुणी स्वस्तात देत असेल तर नाही म्हणा.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला तिच्याकडे येतो. ती पोलादाबद्दल नाही, सकाळच्या दीड मिनिटाबद्दल आहे.

माझं यू-लॉक लहान होतं, म्हणजे जसं असावं तसं. शेल्डन ब्राउन या सायकल-मेकॅनिकने सुचवलेली पद्धत मी शिकून घेतली होती: फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आतून, मागच्या चाकाच्या रिमभोवती दांडा घालायचा आणि तो स्टँडला अडकवायचा. चाक त्या त्रिकोणातून बाहेर निघत नाही, त्यामुळे एका लहान कुलपात चाक आणि फ्रेम दोन्ही बांधले जातात. पद्धत उत्तम आहे. स्टँड रिकामा असेल तर.

माझा स्टँड रिकामा नसायचा. एकाला एक खेटून सायकली, दोन्ही बाजूंना हँडल अडकलेली, कुणाची टोपली माझ्या कॅरिअरवर आलेली. रिमपर्यंत पोचायला दोन सायकलींच्या मधे गुडघ्यावर बसायचं, एका हाताने सायकल स्टँडकडे रेटून धरायची, दुसऱ्या हाताने दांडा मागून पुढे ढकलायचा, आणि आडवा तुकडा बसवायच्या वेळी कळायचं की दोन बोटांचं अंतर कमी पडतंय. मग सायकल मागे घ्यायची, वळवायची, पुन्हा बसायचं. पावसाळ्यात हे सगळं ओल्या मडगार्डला शर्ट घासत. स्टँडचा पाइप जाड असेल तर रिम, फ्रेम आणि पाइप हे तिन्ही त्या छोट्या यूमध्ये मावायचेच नाहीत.

हा त्रास रोज फार मोठा नव्हता. पण रोज होता. आणि रोजच्या त्रासाला माणूस हळूहळू वाट काढतो. आधी मी रिम सोडून फक्त फ्रेमची नळी अडकवायला लागलो. नंतर घाईच्या दिवशी जे हाताशी येईल ते. एकदा उशीर झाला होता, स्टँड गच्च भरलेला होता, आणि मी पुढच्या चाकाला हातही न लावता सायकल कडेच्या रेलिंगला बांधून निघून गेलो. संध्याकाळी सायकल तिथेच होती, पुढच्या फोर्कवर उभी. चाक नव्हतं. क्विक रिलीजचा, म्हणजे पान्याशिवाय हाताने चाक सोडवता येणारा खटका होता, उघडायला किती सेकंद लागले असतील ते सांगायला नको. यू-लॉकने आपलं काम चोख केलं होतं, माझी फ्रेम तशीच होती. पण सायकल हातात धरून घरापर्यंत चालत जाताना हे पहिल्यांदा नीट उमगलं की कुलूप फक्त त्याच्या कवेत असलेलं राखतं.

क्रिप्टोनाइटच्या यू-लॉकची सुरुवातीच्या काळात, १९७०च्या दशकात, न्यूयॉर्कमध्ये अशीच चाचणी झाली होती. रस्त्यावरच्या खांबाला कुलूप लावून सायकल तीस दिवस ठेवली. सायकल शेवटपर्यंत जागेवर राहिली, पण कुलपात नसलेला प्रत्येक सुटा भाग चोरांनी काढून नेला. कंपनीने त्याकडे यश म्हणून पाहिलं असेल तर ते बरोबरच आहे. रोज त्या सायकलवरून घरी जाणाऱ्याला मात्र तेवढं यश पुरत नाही.

म्हणून साखळीकडे वळलो, आणि वळताना एक बदल केला: ती मी सोबत नेतच नाही. १४ मिमीची मीटरभर साखळी चार-पाच किलोंची असते. ती रोज पाठीवर वाहणार असाल तर महिन्याभरात सोडून द्याल, आणि त्यात तुमचं काही चुकणार नाही. पण सायकल रोज एकाच जागी लावायची असेल तर साखळी तिथेच राहू शकते. माझी स्टँडच्या कडेच्या पाइपला गुंडाळलेली, कुलूप लावलेली असते. जागेची देखभाल करणाऱ्यांना आधी विचारून घेतलं. हे नक्की करा, नाहीतर बेवारस समजून ती एखाद्या दिवशी कापून टाकतील.

सकाळी आता असं होतं. सायकल लावली, मागच्या चाकावर कायमचं बसवलेलं रिंग लॉक (आऱ्यांमधून दांडा सरकवून चाक अडवणारं कुलूप) दाबलं, साखळी पुढच्या चाकातून आणि फ्रेममधून ओवली, कुलूप लावलं. गुडघ्यावर बसावं लागत नाही. शेजारची सायकल कितीही खेटलेली असली तरी साखळी वाकते, फटीतून जाते, पाइप जाड असला तरी पोचते. तीन वर्षांत "आज राहू दे" असं एकदाही झालेलं नाही. मोजमाप म्हणून माझ्याकडे एवढंच आहे, पण माझ्यासाठी ते पुरेसं आहे.

साखळीचे त्रासही आहेत. कधीही सैल लोंबू देऊ नका. जमिनीवर टेकलेल्या कडीवर कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून दुसऱ्यावर सगळं वजन टाकता येतं, आणि हातोड्यालाही जमिनीचा आधार मिळतो. म्हणून लांबी हवी तेवढीच घ्या, ताणून बांधा, कुलूप वर ठेवा. किल्लीचं भोक खाली तोंड करून राहील असं बघा, नाहीतर पाणी आणि धूळ आत जाते. दर महिन्याला पातळ वंगणाचे दोन थेंब घालतो. पहिल्या पावसाळ्यात हे केलं नव्हतं आणि एका संध्याकाळी किल्ली फिरेना, बराच वेळ झगडावं लागलं. कापडी आवरण नसेल तर फ्रेमचा रंग खरवडला जातो, आवरण असेल तर ते ओलं राहतं. आणखी एक शंका रास्त आहे: साखळी रात्री तिथेच पडून असते, म्हणजे चोराला तिचा अभ्यास करायला भरपूर वेळ मिळतो. यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. संध्याकाळी कुलूप एकदा हातात घेऊन छेडछाड झालीय का ते पाहतो.

पुढच्या चाकाचा क्विक रिलीज काढून टाकून साधा नटचा आस बसवणं हे कोणत्याही कुलपापेक्षा स्वस्त काम आहे, आणि ते यू-लॉकवाल्यांनी तर आधी करावं. ट्रॅकरबद्दल फार बोलत नाही. तो चोरी झाल्यावर उपयोगी पडतो, आधी नाही. फ्रेमवरच्या नंबरचा फोटो मात्र काढून ठेवा.

तुम्ही रोज वेगवेगळ्या ठिकाणी सायकल लावत असाल, किंवा कामाच्या जागी साखळी ठेवू देत नसतील, तर यू-लॉकच घ्या, मनात किंतू न ठेवता. फक्त घेण्याआधी आपल्या स्टँडचा पाइप, रिम आणि फ्रेमची नळी एकत्र धरून टेपने मोजून जा. स्टँड मोकळा आणि पाइप बारीक असेल, तर माझी सगळी तक्रार तुम्हाला लागूच होणार नाही. पण जागा एकच असेल, गर्दीची असेल, आणि सकाळी तुम्ही थोडे घाईत असाल, तर तिथे एक जाड साखळी ठेवून द्या आणि सायकलला रिंग लॉक बसवून घ्या. माझं यू-लॉक अजून आहे. फ्रेमवरच्या क्लिपमध्ये असतं, वाटेत कुठे थांबायचं झालं तर काढतो.